नाव सोडून सगळं येतं

९ नोव्हेंबर, रविवार

तिकिटं आली. चोवीस जानेवारी, मुंबईहून. मुग्धाने मोबाईलवर पाठवली आणि पाठोपाठ फोन, "आई, आता मागे फिरायचं नाही हं." पोरीला सातवा लागलाय. फेब्रुवारीच्या सुरुवातीची तारीख दिलीय तिकडच्या डॉक्टरांनी. जर्मनीत बाळंतपण! आमच्या घराण्यात आजवर चौलच्या पलीकडे झालेलं लांबात लांबचं बाळंतपण अलिबागला.

ह्यांनी तिकीट पुन्हा पुन्हा वाचलं. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस, तिकीटसुद्धा दाव्याच्या कागदासारखं वाचतो. मग म्हणाले, "खिडकी कोणाला?" मी म्हटलं, तुम्हाला. लगेच खूश.

मु.चं फर्मान: यायच्या आधी थोडं जर्मन शिका. जावई दिवसभर कामावर, ती दवाखान्यात, आम्ही दोघं घरात मुके. अलिबागची कोणी ऋचा आहे, दोन वर्षं तिकडे राहून आलेली. मंगळवारी-शुक्रवारी मोबाईलवर शिकवणार.

गुटन टाक म्हणजे नमस्कार. एवढं मु.नेच शिकवलं. हे लगेच मागच्या दारी जाऊन वाडीत कामाला येणाऱ्या शेवंताला म्हणाले, "गुटन टाक!" ती सुपारी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "टाकलाय की दादा, समदा पाला खड्ड्यात टाकलाय."

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला तास. मोबाईल आमसुलाच्या डब्याला टेकवून ठेवला. ऋचा चुणचुणीत आहे, काकू-काका करते, बोलताना हात फार हलवते. वय मु.पेक्षाही कमी.

पहिलं वाक्य स्वतःचं नाव सांगायचं. इश हाइसं सुनंदा. सोपं. पण म्हणताना कसंसंच झालं. ह्या गावात मी काकू, वैनी, मुग्धाची आई. सुनंदा म्हणून शेवटचं कोणी बोलावलं ते आठवेना.

मग शेजारच्या माणसाची ओळख करून द्यायची. आधी हे. ताठ बसले, घसा खाकरला, "माइनं फ्राउ हाइस्ट सुनंदा." माझ्या बायकोचं नाव सुनंदा. असं खणखणीत, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं असल्यासारखं. माझे कान गरम झाले. एरवी "अगं" आणि "ऐकलंस का" यावर ह्यांचा सगळा संसार चाललाय.

मग मी. माइन मान हाइस्ट. माझ्या नवऱ्याचं नाव. आणि तिथे गाडी बंद. ऋचा म्हणाली, "काकू, आवाज येत नाहीये, नेटवर्क गेलं का?" हे शेजारी बसून गालातल्या गालात हसताहेत.

दूध उतू गेलं म्हणून उठले. दूध गॅसवर नव्हतंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हसण्यासारखं आहे खरं. मॅट्रिक झालेली बाई मी, मोबाईलवर लाइटबिल भरते, आणि नवऱ्याचं नाव तोंडातून निघत नाही. मु. तर जावयाला "अनी, कचरा टाकून ये" म्हणते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. तिला शोभतं.

माझ्या आजीने सांगितलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. दरवेळी थोडं थोडं. मी लहान होते, तिच्यापुढे हसले होते. विश्वास आहे का? नाही. पण मग घेऊन बघ म्हटलं तर जीभ उचलत नाही. ज्याच्यावर विश्वास नाही त्याची भीती मात्र वाटते, याला काय म्हणावं.

इथे वहीतसुद्धा नुसतं "हे". इतकी वर्षं लिहितेय, एकदाही नाव नाही. आता लिहायला गेले तर पेन थांबलं. राहू दे.

उखाण्यात घेते की. तिथे चालतं. हळदीकुंकवाला दरवर्षी तेच: रेवदंड्याच्या किल्ल्यावर समुद्राची गाज, … रावांचं नाव घेते हळदीकुंकवाला आज. बायका हसतात, मी पदर सावरते, झालं. ते नाव घेणं वेगळं. ते वाणासारखं ताटातून द्यायचं असतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऋचा शिकवते: स्टेशन कुठे आहे, याची किंमत किती, मला समजलं नाही, हळू बोला. हे सगळं टिपून घेतात. मला यातलं काही लागणार नाही असं वाटतं. मला लागेल ते: जेवलीस का, अजून थोडं घे, असू दे गं, तू पड जरा. ऋचा म्हणाली, "काकू, तिकडे आग्रह करत नाहीत. नको म्हणाले की नकोच." मी म्हटलं, मग खरंच नको आहे की लाजून नको, ते कसं कळतं? ती म्हणाली, "तिकडे लाजून नको म्हणतच नाहीत." बापरे. आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारलं नाही तर पाहुणा उपाशी उठेल.

शेवटी मी विचारलं, नर्स मला बाहेर बस म्हणाली तर काय म्हणायचं? ही माझी मुलगी आहे, मला हिच्याजवळ बसू द्या, असं. ऋचाचे हात हलायचे थांबले. मग अगदी सावकाश सांगितलं. दास इस्ट माइनं टोख्टर. डार्फ इश बाय ईअर ब्लायबन?

हे वाक्य पोळ्या लाटताना म्हटलं, केर काढताना म्हटलं. एकदाही चुकले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ह्यांची शुगर उतरली. इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं आणि नाश्त्याआधी वाडीत पाण्याचा पाट बघायला गेले. नेहमीचंच. परत आले ते घामाघूम, आणि गप्प. शुगर उतरली की हे चिडत नाहीत, ओरडत नाहीत, नुसते मुके आणि हट्टी होतात. खडीसाखर पुढे केली तर तोंड फिरवलं. शेवटी साखरपाणी पाजलं, तेही लहान मुलासारखं नाक धरण्याची धमकी देऊन. पंधरा-वीस मिनिटांत माणूस जाग्यावर. वर मलाच विचारतात, "काय झालं? एवढी घाबरलीस का?"

मु.ला सांगायला नको होतं, पण सांगितलं. तिने लगेच ऋचाला कळवलं. आता मंगळवारपासून ही वाक्यं: माझ्या नवऱ्याला बरं नाहीये. त्याला मधुमेह आहे. त्याला ज्यूस हवाय. कृपा करून मदत करा. मधुमेहाला तिकडची साधी माणसंही "साखर आहे" असंच म्हणतात, एर हाट त्सुकर. ते ऐकून मला जरा आपलेपणा वाटला.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल दत्तजयंती. लिहायला आज बसतेय.

दत्ताच्या टेकडीवर दर्शनाला गेलो दोघं. शेवंताही आली होती तिच्या नातीला घेऊन, पण पायऱ्यांवर मागे पडली. ह्यांना म्हटलं होतं, खाऊन निघा. "दर्शन झाल्यावर खातो." इंजेक्शन मात्र वेळेवर घेतलेलं! दर्शन झालं. उतरताना खाली जत्रेत ही गर्दी. पाळणे, खेळणी, मिठाईची दुकानं, भोंगे. मी बांगड्यांपाशी क्षणभर वळले, मागे बघते तर हे नाहीत.

आधी वाटलं, लघवीला गेले असतील. मोबाईल लावला तर माझ्याच पिशवीत वाजला.

हाक मारली. "अहो!" त्या गल्लीतल्या यच्चयावत नवऱ्यांनी मान वळवली. पुढे गेले, पुन्हा "अहो! अहो, कुठे आहात?" पुन्हा दहाबारा चेहरे, कोणी टक्कल, कोणी टोपी, ह्यांचा नाही. एक माणूस हसून म्हणाला, "कोणाचे अहो पायजेत, ताई?" त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पोलीस चौकीच्या मांडवात गेले. तिथला पोरगा माईक हातात घेऊन म्हणाला, "नाव सांगा आजी, पुकारतो." मी म्हटलं, आमचे हे. तो म्हणाला, "हे कोण?" मी म्हटलं, उंच आहेत, पांढरा शर्ट, राखी पँट. "नाव, आजी, नाव!" मागे रांग. मी पिशवीत कागद शोधतेय, पेन शोधतेय, लिहून देईन म्हणून. माझं मलाच कळत होतं की मी काय करतेय. तरी तोंड उघडलं नाही.

तेवढ्यात शेवंता आली. एका नजरेत तिला कळलं. तिने नात माझ्या हातात दिली आणि जत्रेच्या मधोमध उभी राहून कोळणीला लाजवेल अशा आवाजात नावाने हाक मारली, "ओ …दादाऽऽ! …दादा ओऽऽ!" तीनचार दुकानांपलीकडे, पाळण्याच्या इंजिनामागे, एका पेटीवर बसलेल्या माणसाने हात वर केला. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. समोर बघत होते, पण बघत काहीच नव्हते.

पेढा कोंबला तोंडात. शेजारच्याने उसाचा रस दिला.

पाळणेवाला म्हणाला, बराच वेळ बसलेत इथे. मी त्या गल्लीतून दोनदा "अहो" करत गेले होते.

६ डिसेंबर, शनिवार

ह्यांना विचारलं, माझी हाक ऐकू आली नाही का?

"आली की."

मग ओ का नाही दिलीत?

हातातली सुपारी सोलून टोपलीत टाकली. मग म्हणाले, "अगं, अहो अहो चहूकडून येत होतं. त्यातला अहो म्हणजे मी, हे काही सुचत नव्हतं. डोक्यात नुसता कापूस. शेवंताने नाव घेतलं तेव्हा वाटलं, हां, हे आपलं आहे."

मी आत जाऊन रडले. ह्यांनी सांगितलं त्यात रागाचा अंशही नव्हता, म्हणून जास्त.

संध्याकाळी मु.ला कळलं. मी नव्हते सांगणार. ह्यांनीच गंमत म्हणून सांगितलं, पाळणेवाला असा आणि पोलीस तसा. ती हसली नाही. मला एकटीला फोनवर घेऊन म्हणाली, "आई, इथे स्टेशनवर बाबा असे निघून गेले तर? बाहेर बर्फ असतो. मी दवाखान्यात असेन, मला उठताही येणार नाही." मग थोड्या वेळाने, "तू एकटी येतेस का?"

एकटी कशी जाऊ? इथे ह्यांना बघणार कोण? आणि न जाऊ तर तिला कोण?

९ डिसेंबर, मंगळवार

अलिबागला डॉक्टरांकडे. इंजेक्शनचा डोस कमी केला, खाण्याच्या वेळा लिहून दिल्या, ह्यांना चांगलं झापलं. प्रवासाला हरकत नाही म्हणाले. "पण मावशी, सोबतचा माणूस खंबीर पाहिजे. जवळ ठेवा, बोलत ठेवा, गप्प झाले की नावाने हाक मारा. नाव शेवटपर्यंत पोचतं माणसापर्यंत." मी मान डोलावली. हे छताच्या पंख्याकडे बघत होते.

मु. एक कार्ड करून पाठवणार आहे, नाव, आजार, तिचा नंबर, गळ्यात घालायला. हे म्हणाले, "गुराच्या गळ्यात लोढणं असतं तसं?" खिशात ठेवायला तयार झाले. पण कार्ड काय, सापडलेल्या माणसाला उपयोगी. हरवलेल्याला परत आणत नाही.

येताना गाडीत हे म्हणाले, "कोर्टात आमचा पट्टेवाला तीनदा पुकारायचा. तू एकदाच पुकार, मी हजर होतो." हसवायला म्हणाले होते. मला हसू आलं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

सराव. दुपारी हे झोपले की मी विहिरीवर जाते. आजूबाजूला कोणी नाही ना बघते. विहिरीत तोंड घालून म्हणायचं असं ठरवलं. पहिलं अक्षर येतं. दुसऱ्यावर अडतं. आज खाली पाण्यात माझं तोंड दिसलं, चोरी करताना पकडल्यासारखं. बादली भरून परत आले.

ऋचाने युक्ती काढली. उखाण्यात येतं ना काकू, मग उखाणाच घ्या. घेतला. किल्ला, समुद्र, गाज, आणि नाव अगदी सुरेख आलं. टाळ्या वाजवल्या तिने. मग म्हणाली, "पण काकू, काका तिकडे फुटपाथवर बसलेत आणि तुम्ही रेवदंड्याच्या किल्ल्यापासून सुरू करणार?" हे खोलीच्या दारात उभे होते. खो खो हसले. मीही हसले.

२४ डिसेंबर, बुधवार

भांडण. आमचं भांडण म्हणजे आवाज चढत नाही, भांडी जरा जोरात ठेवली जातात.

सुरुवात कशावरून झाली, तर थर्मलच्या विजारीवरून. मी पनवेलहून ह्यांच्यासाठी दोन आणल्या. हे म्हणाले, परत कर, मला लागणार नाहीत. का? "मी येत नाहीये. मुग्धाला सांगितलंय मी. तू जा."

मला न विचारता! लेकीच्या वेळेला तू तिथे पाहिजेस, माझं काय, शेवंता दोन वेळा भाकरी टाकेल, असं सगळं आधीच ठरवून बसलेले. मी म्हटलं, आणि शुगर उतरली की? म्हणाले, "शेवंता हाक मारेल."

लागलं. फार लागलं. ह्यांना मला लावून घ्यायचं नव्हतं, सरळ मनाने म्हणाले, तरी.

मी म्हटलं, इतकी वर्षं मी नाव घेतलं नाही ते तुम्ही जगावं म्हणून. हे म्हणाले, "कळतं गं मला. पण तुझ्या तोंडून माझं नाव म्हणजे फक्त हळदीकुंकवाच्या बायकांनी ऐकायचं? मी नेहमी बाहेरच्या पडवीत."

आमटीत मीठ दोनदा पडलं. ह्यांनी तशीच खाल्ली.

२ जानेवारी, शुक्रवार

अजून दोन्ही तिकिटं तशीच आहेत. हे अलिबागला जाऊन एक तिकीट रद्द करण्याचं विचारून आले. केलं नाही, विचारलं फक्त. मीही विचारलं नाही, काय म्हणाले म्हणून.

मु.चा फोन रोज. बाबा येत नाहीत म्हटल्यापासून ती जास्तच आनंदी आवाजात बोलते. लहानपणी गुडघा फुटला की अशीच बोलायची. काल म्हणाली, "बाबांना बाळाचे फोटो रोज पाठवीन ना." मग "ठेवते गं, कपडे वाळत घालायचेत." ठेवला. तिकडे या दिवसांत कुठले कपडे वाळतात?

शेवंताला विचारलं, तू नवऱ्याचं नाव घेतेस? "घेतय की! नावानं हाक मारतय, शिव्या पन नावानंच देतय." मी म्हटलं, भीती नाही वाटत? आयुष्य कमी होतं म्हणतात. तिने हातातला अडकित्ता खाली ठेवला. "वैनी, तसा असता तं माझा म्हातारा कवाच गेला असता. रोज धा येला नाव घेतय. अजून जिता हाय न्हाय? काल तं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या मेल्यानं."

खूप हसलो दोघी. मनातून मात्र गेलं नाही. तिचं तिला, माझं मला.

११ जानेवारी, रविवार

बॅग भरायला काढली. हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतशोपा, सुंठ. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली. शिवताना वाटलं, सगळं त्या पोरीसाठी नेतेय, आणि तिच्या बापाला मागे ठेवतेय.

दुपारी बघते तर थर्मलच्या विजारी बॅगेत. मी ठेवल्या नव्हत्या. हे पेपरमागे. मी म्हटलं, या कोणाच्या? पेपरमधून आवाज, "राहू देत. जागा आहे ना." मी विजारींवर ह्यांचा एक स्वेटर ठेवला.

संध्याकाळी मु.ला सांगितलं, बाबा येताहेत. तिकडून नुसतं रडणं. जावयाने फोन घेतला, "आई, काही झालंय का?" म्हटलं, नाही हो, चांगलंच झालंय. मग मला एकदम भीती वाटली. मी कशाच्या जोरावर हो म्हटलं?

१५ जानेवारी, गुरुवार

आमच्याकडे हळदीकुंकू. तिळगूळ, ओल्या हरभऱ्याचे घाटे, वाण म्हणून छोट्या गाळण्या. आळीतल्या सगळ्या आल्या. परदेशी चाललेय म्हणून मला जास्त मान. काकू, उखाणा! काकू, जर्मन उखाणा!

उभी राहिले. रेवदंड्याच्या किल्ल्यावर समुद्राची गाज… आणि पुढे आलं नाही. इतक्या वर्षांचा पाठ उखाणा. बायकांना वाटलं, जायच्या आधी भरून आलं. कोणी पाणी दिलं, कोणी पाठीवर हात फिरवला.

मला कळलं काय झालं ते. ते नाव आता ताटातलं वाण राहिलं नाही. घ्यायला तोंड उघडलं आणि पाळण्याच्या इंजिनामागे पेटीवर बसलेले हे दिसले. बाहेर पडवीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, हे वाट बघत होते म्हणजे.

निघायला किती थोडे दिवस उरले, आणि मी होते तिथूनही मागे गेले.

२० जानेवारी, मंगळवार

शेवटचा तास. ऋचाने परीक्षा घेतली. ती नर्स झाली, ती पोलीस झाली, बसची ड्रायव्हर झाली. मी सगळं म्हटलं. क्षमा करा, हा लांबलचक शब्द जमेल असं वाटलं नव्हतं, एन्टशुल्डिगुंग, तोही जमला. माझ्या नवऱ्याला बरं नाहीये. त्याला साखर आहे. त्याला ज्यूस द्या. ही माझी मुलगी, मला हिच्याजवळ बसू द्या.

"आणि तुमच्या मिस्टरांचं नाव?" नर्स विचारते.

मी मु.ने पाठवलेलं कार्ड मोबाईलपुढे धरलं.

ऋचाने कार्ड वाचलं. मग मराठीत म्हणाली, "काकू, नाव सोडून सगळं येतं तुम्हाला." रागाने नाही म्हणाली. फोन ठेवताना ती म्हणाली, मला माझ्या आजीची फार आठवण आली तुमच्यामुळे. गुणी मुलगी आहे. तिच्यासाठी सुपारीची पिशवी भरून ठेवलीय, पाठवायची कोणाबरोबर तरी.

२३ जानेवारी, शुक्रवार

उद्या पहाटे निघायचं. गाडी सांगून झाली. बॅगांना दोऱ्या बांधल्या. वाडीच्या किल्ल्या शेवंताकडे.

दुपारी जेवणाची वेळ झाली, पानं घेतली, हे वाडीत. डोस कमी झाल्यापासून वेळेवर येतात, आज आले नाहीत. मी नेहमीप्रमाणे मागच्या दारात गेले, "अहो, पान वाढलंय" म्हणायला. वाडीत दूरवर झाडांमधून पांढरा शर्ट दिसत होता. पाठमोरे. हलत नव्हते. नुसते उभे.

गप्प उभे राहणं हे त्यांचं लक्षण.

"अहो" म्हणायला तोंड उघडलं होतं, शप्पथ. निघालं ते

"प्रभाकर!"

मोठ्याने निघालं. शेजारच्या वाडीतला कावळासुद्धा उडाला. आणि त्याच क्षणी, मागे वळायच्याही आधी, तिकडून आवाज आला, "आलो गं आई!"

मी उंबऱ्यावरच बसले.

हे आले. हातात झावळी, चांगले चालत, घाम नाही काही नाही. शेवटचं म्हणून वाडी बघत उभे होते म्हणाले. आणि पायरीशी येऊन थांबले. आपण काय ओ दिली ते तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. सासूबाई ह्याच दारातून जेवायला बोलवायच्या. त्या गेल्यानंतर ह्या घरात ह्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. गावात दादा, कोर्टात साहेब, लेकीला बाबा, मला अहो. माझ्या हे कधी डोक्यातही आलं नाही. मी आपली ह्यांचं आयुष्य राखत बसले होते.

झावळी टाकून माझ्याशेजारी पायरीवर बसले. आत आमटी निवत होती.

मला आधी भीती वाटली, आजीची. नाव घेतलंय, तेही एवढ्या मोठ्याने, आणि उद्या एवढा प्रवास. उठले, आतून शुगरचं मशीन आणलं.

आजचं ठीक. घर आपलं, ऐकायला तिसरं कोणी नाही, ह्यांचं डोकं ताळ्यावर. तिकडे बर्फात, परक्या माणसांत, हे असे मुके उभे राहिले तर माझ्या तोंडून निघेल का, आणि निघालं तर ह्यांच्यापर्यंत पोचेल का, मला माहीत नाही. मु.चा मेसेज आलाय, "बाळाला सांगितलंय, आजी-आजोबा येईपर्यंत थांब." तो अजून ह्यांना दाखवायचाय.

म्हणाले, "पुन्हा एकदा मार की हाक."

मी म्हटलं, "हात द्या आधी. टोचायचंय."

एक हात पुढे केला. दुसऱ्याने डोळे पुसत होते.